मधुमेहींच्या पायाची जखम चिघळली हे ओळखायचं कसं

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून आतून सडणाऱ्या जखमेवरही माणूस बिनधास्त चालतो. रुग्णाच्या ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबू नका. दोन्ही पायांचे मोजे काढायला लावा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा.

संसर्ग डोळ्यांनी आणि हातानेच ठरतो. सूज किंवा टणकपणा, जखमेभोवती अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त लाली, दाबल्यावर दुखणं, गरम लागणं, पू: यांतली दोन लक्षणं पुरेत. सावळ्या कातडीवर लाली लपते. तिथे हाताची मागची बाजू टेकवून दुसऱ्या पायाशी ताडून बघा.

लालीची कड पेनाने आखून ठेवा. ती 2 सेंमीच्या आत आणि संसर्ग कातडीपुरता असेल तर सौम्य. त्याहून पसरला किंवा खोल गेला तर मध्यम. ताप 38 अंश सेल्सिअसवर, नाडी 90 वर, श्वास मिनिटाला 20 वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला 12,000 वर किंवा 4,000 खाली, यांतलं काही दोन आढळलं तर लगेच भरती करा. बोट काळं पडलं, घाण वास आला, कातडीखाली हवा कुरकुरली, तर त्याच दिवशी सर्जन हवा.

निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घाला. तळाशी कडक, खरखरीत लागलं तर हाडापर्यंत संसर्गाचा दाट संशय. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून तो पुन्हा काढावा.

कल्चरसाठी (जंतू कोणता हे प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यासाठी) वरवरचा स्वॉब, म्हणजे कापसाच्या बोळ्याने पुसून घेतलेला नमुना, नको, त्यात कातडीवरचेच जंतू येतात. मेलेला भाग काढून, सलाईनने धुऊन, तळातला तुकडा पाठवा, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. आपल्याकडच्या उष्ण हवेत स्यूडोमोनाससारखे जंतू बरेच सापडतात. अंदाजाची गोळी तिथे फसते.

संसर्गाची लक्षणं नसतील तर अँटिबायोटिक देऊच नका. कातडी-मांसापुरता संसर्ग असेल तर साधारण 1 ते 2 आठवडे. हाड न काढता हाडाचा उपचार करायचा तर सुमारे 6 आठवडे. पण पू बाहेर काढला नाही, मेलेलं मांस तासलं नाही, साखर आवरली नाही, तर कितीही भारी औषध वाया जातं. रक्तपुरवठाही तपासा: धमन्या कडक झाल्या की घोट्याजवळचा रक्तदाब खोटाच चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा.

आणि त्या पायावरचा भार काढा. जखमेत हळद, चुना, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. गरम पाण्याचा शेक तर मुळीच नको. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.