आठवी-नववीच्या सुट्टीत मुलांना कामधंदे कसे दाखवावेत

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या अर्जासाठी हातात थोडेच दिवस उरतात. त्या घाईत ‘सायन्स की कॉमर्स’ ठरवायला बसलं, तर निर्णय टक्के बघून होतो, मुलाकडे बघून नाही. म्हणून ही खटपट आठवी-नववीच्या उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत करावी.

‘तुला मोठेपणी काय व्हायचंय?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. जे कधी पाहिलंच नाही, ते मुलं सांगणार कुठून? घरात येणारी एक वस्तू घ्या आणि तिच्यामागची माणसं लिहायला सांगा. दुधाची पिशवी घेतली तर गोठेवाला, पशुवैद्य, संकलन केंद्रावर फॅट तपासणारा, टँकरचालक, शीतगृहातला तंत्रज्ञ, पिशवीची छपाई करणारा, हिशेब बघणारा अशी रांग लागते. दोन-चार वस्तूंच्या याद्या झाल्या की त्यातली तीन कामं निवडा: एक आवडेल असं वाटणारं, एक अगदी अनोळखी आणि एक हातांनी करायचं.

आता ओळखीतल्या माणसाला विचारा, पण नेमकं विचारा: ‘दोन दिवस, रोज तीन तास, मुलगी फक्त बघेल आणि सांगाल ते साधं काम करेल.’ चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला आणि अठराखालच्यांना धोकादायक कामाला लावायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हे बघणंच राहू द्या, मजुरी नको. पहिल्या दिवशी स्वतः सोबत जा. जागा उघडी, चार माणसांच्या वावरातली असावी. वेल्डिंगच्या दुकानात काळी काच असलेल्या मुखवट्याशिवाय ठिणगीकडे बघू द्यायचं नाही. रात्री डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच.

दिवस निवडताना घोळ होतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात मुलाला कोण वेळ देणार? पण मुद्दाम शोभेचा दिवसही नको. वकिली बघायची तर साध्या दिवशी कोर्टात सकाळभर बसवा. वाट बघणं, कागद लावणं आणि पुढची तारीख घेऊन परतणं हाही त्या पेशाचा मोठा भाग आहे, आणि तो दिसायलाच हवा.

मुलाने तिथे चार प्रश्न विचारावेत. आज सकाळपासून काय काय केलं? यातलं कंटाळवाणं काय? चूक झाली तर कोणाचं नुकसान होतं? शिकायला किती वर्षं गेली आणि तेव्हा घर कसं चालत होतं? उत्तरं त्याच संध्याकाळी वहीत उतरावीत. सोबत हेही लिहावं की वेळ कधी भर्रकन गेला आणि घड्याळाकडे कधी बघितलं. आमच्या मते पूर्ण वहीत हीच नोंद सगळ्यात कामाची.

बघून झालं की थोडं करून बघायचं. वायरमनचं काम आवडलं असेल तर एक स्विच, एक थ्री-पिन सॉकेट, थ्री-पिन टॉप (प्लग), थ्री-कोअर (आत तीन तारा असलेली) वायर आणि विजेची जोडणी तपासायचा मल्टिमीटर आणा आणि छोटा एक्स्टेन्शन बोर्ड जोडा. समोरून बघताना सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं (करंट आणणाऱ्या तारेचं), डावं न्यूट्रलचं (परतीच्या तारेचं). स्विच फेजवरच बसवायचा. वायर जास्त सोलली तर उघडी तार शेजारच्या स्क्रूला टेकते, कमी सोलली तर स्क्रू प्लॅस्टिकवरच आवळला जातो. टॉप भिंतीत न घालता मल्टिमीटर कंटिन्युटीवर (तार जोडलेली असली की बीप वाजतो) लावून, एक टोक टॉपच्या फेज पिनला आणि दुसरं सॉकेटच्या फेजच्या भोकात टेकवून तपासा. स्विच बंद असतानाही फेजला बीप वाजला तर स्विच न्यूट्रलवर बसलाय किंवा फेजची तार त्याला वगळून थेट सॉकेटला गेलीय, म्हणजे बंद बोर्डातही करंट राहणार. अशी चूक मुलाला स्वतः सापडू द्या. वीज जोडायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनचंच.

‘मला नाही आवडलं’ असं मूल म्हणालं तर काम आवडलं नाही की तिथला माणूस खेकसला, एवढं विचारून घ्या. माणूस असेल तर तेच काम दुसरीकडे दाखवा. पालकांनी मध्ये बोलून प्रश्नांची उत्तरं देऊन टाकणं हाही नेहमीचा घोटाळा. कलचाचणी करायचीच तर या भेटींनंतर करा. न पाहिलेल्या कामांबद्दलची आवड-नावड मूल अंदाजानेच लिहितं.

मग शाखेकडे या. नीटसाठी जीवशास्त्र लागतं. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

मूल अजून सहावी ते आठवीत असेल तर शाळेत दहा दप्तरमुक्त दिवसांबद्दल विचारा. स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी हे दिवस 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुचवले आहेत. शाळेला माणसं मिळत नसतील, तर तुमच्या ओळखीतल्या सुताराचं किंवा माळ्याचं नाव आणि त्याला सोयीचा वार मुख्याध्यापकांना लिहून द्या.