कानाच्या मशीनचा सेल लवकर संपतो? या चुका टाळा

‘कालच नवा सेल घातला आणि आज मशीन बंद!’ असं झालं की सगळे सेलला नावं ठेवतात. पुष्कळदा सेल धडधाकट असतो, हाताळण्यात गडबड झालेली असते.

श्रवणयंत्राचा सेल दिसायला घड्याळाच्या सेलसारखा असला तरी त्याचं काम वेगळं चालतं. आत जस्ताची पूड असते आणि वीज तयार व्हायला तिला हवेतला ऑक्सिजन लागतो. अधिक चिन्हाच्या सपाट बाजूला बारीक भोकं असतात, रंगीत स्टिकर ती बुजवून ठेवतो. स्टिकर निघाला की सेल सुरू झाला, मग तो मशीनमध्ये घाला नाहीतर टेबलावर ठेवा.

सर्रास होणारी चूक म्हणजे घाई. स्टिकर काढायचा, सेल लगेच आत सरकवायचा आणि झाकण लावायचं. हवा पुरेशी आत गेलेली नसते, त्यामुळे मशीन सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन ‘बॅटरी कमी’ची टूंटूं करतं, आणि कोरा सेल कचऱ्यात जातो. स्टिकर काढल्यावर भोकांची बाजू वर ठेवून सेल निदान एक मिनिट, सवड असेल तर पाच मिनिटं तसाच राहू द्या. हात कोरडे हवेत. क्रीम किंवा तेल लागलेल्या बोटांनी तीच भोकं बुजतात.

स्टिकर परत चिकटवला की सेल वाचतो, हा समजही खोटा. एकदा सुरू झालेला सेल त्याने थांबत नाही. म्हणून पाकिटातले सगळे स्टिकर एकदम काढून ठेवू नका.

आता आकार. तो क्रमांकावरून आणि स्टिकरच्या रंगावरून ओळखायचा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. घोळ होतो तो ३१२ आणि १३ मध्ये, कारण दोन्हींचा व्यास ७.९ मिमी. फरक जाडीत आहे: ३१२ ची ३.६ मिमी, १३ ची ५.४. जाड सेल पातळ कप्प्यात दाबला की झाकणाची बिजागरी तुटते. झाकण सहज लागत नसेल तर जोर करू नका; सेल उलटा बसलाय का, आकार चुकलाय का, ते आधी बघा. ६७५ च्या जागी खेळण्यातला एलआर ४४ मापाने बसतो खरा, पण त्याची क्षमता फारच कमी, तेव्हा तो काटकसरीचा मार्ग नव्हे.

फ्रिजमध्ये सेल ठेवणारे अजूनही भेटतात. नका ठेवू. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. साध्या खोलीतलं कोरडं कपाट पुरे. सुट्या नाण्यांबरोबर खिशात टाकलेला सेल शॉर्ट होऊ शकतो. रात्री मशीनचं झाकण उघडं ठेवा. मशीन ड्रायर डब्यात ठेवत असाल तर सेल आधी बाहेर काढा, नाहीतर तोही आतून सुकतो.

हा सेल हळूहळू मंदावत नाही. शेवटपर्यंत जवळपास तेवढाच विजेचा दाब देतो आणि मग एकदम बसतो, म्हणून बाहेर जाताना जादा सेल जवळ हवाच. उलट आवाज दिवसेंदिवस बारीक होत असेल, तर संशय आधी कानातल्या मळावर घ्या. मशीनच्या कानात जाणाऱ्या टोकाची जाळी तपासा. दोन कानांचे सेल एकाच दिवशी संपले नाहीत तरी बिघाड समजू नका, दोन्ही मशीनवरचा भार सारखा नसतो. मोबाइलचा आवाज ब्लूटूथवरून तासन्‌तास ऐकलात तर सेल लवकर जाणारच.

औषधाच्या गोळ्यांजवळ सेल मात्र कधीच नको. चष्म्याशिवाय तो गोळी समजून गिळला गेल्याचे प्रकार घडतात, आणि लहान मुलं तर नाकातही घालतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा आणि सेलचं पाकीट बरोबर न्या. कोणता सेल आहे ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.