लायब्ररी जोडण्याआधी लायसन्सची फाईल उघडा

लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, फुकट डाउनलोड होते म्हणजे कशीही वापरता येते, असं धरून चालू नका. पीडीएफ बनवणारी आयटेक्स्ट २००९ साली आवृत्ती ५ पासून एजीपीएल या लायसन्सवर गेली; त्यात ती वापरणाऱ्या अ‍ॅपचा कोडही खुला करावा लागतो. आपला कोड बंद ठेवून ती वापरायची, तर व्यावसायिक लायसन्स विकत घ्यावं लागतं, मग अ‍ॅप फक्त सर्व्हरवर का चालत असेना.

अ‍ॅपच्या खिडक्या-बटणं बनवायच्या क्यूटी या लायब्ररीचं प्रकरण जास्त नाजूक. तिचा मुख्य भाग एलजीपीएल या जरा सौम्य लायसन्सखाली मिळतो. डायनॅमिक लिंकिंग करून (म्हणजे लायब्ररी वेगळ्या फाईलमध्ये ठेवून, अ‍ॅप चालताना जोडून), बाकी अटी पाळून तुमचा कोड बंद ठेवता येतो. पण क्यूटी चार्ट्स हे मॉड्यूल फक्त जीपीएल (अ‍ॅप इतरांना दिलंत तर तुमचा कोडही खुला करायला लावणारं लायसन्स) किंवा व्यावसायिक लायसन्सवर आहे. एक साधा आलेख काढायला ते जोडलंत की सगळं गणित बदलतं. म्हणून नुसतं लायब्ररीचं नाव पाहून थांबू नका, मॉड्यूलनिहाय तपासा.

एमआयटी लायसन्सवाल्या लायब्ररींचं सोपं: कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्यायचा. तेवढंही अनेक जण विसरतात, आणि ते बरं नाही.

आणि लायब्ररीच्या पोटातल्या लायब्ररी? पायथॉनमध्ये पिप-लायसन्सेस हे साधन चालवा, प्रत्येक पॅकेजपुढे त्याचं लायसन्स दिसेल. ‘अननोन’ दिसलं, तर ते पॅकेज आधी उघडून बघा.