कधीतरीच मेकअप करता? मग तो काढताना या चुका टाळा

लग्नाहून रात्री घरी आल्यावर बहुतेक घरांत एकच चालतं. मोरीत जायचं आणि अंगाच्या साबणानं तोंड खसाखसा धुवायचं. फाउंडेशन निम्मं निघतं, काजळ डोळ्याखाली पसरतं आणि उरलेलं सकाळी उशीच्या अभ्र्यावर दिसतं. चेहरा ओढल्यासारखा होतो तो वेगळाच. मग कुणीतरी सांगतं, चांगला महागातला क्लीन्झर घे. पण महिन्यातून एक-दोनदा, हळदीकुंकू, बारसं, एखादं लग्न एवढ्यापुरताच मेकअप करणारीला महागाचं काही लागत नाही. चेहऱ्यावरची सगळ्यात चिवट गोष्ट कोणती हे ओळखायचं आणि तिच्यापुरती वस्तू घ्यायची.

चूक पहिली: काय काढायचंय हे न बघता खरेदी

कॉम्पॅक्ट पावडर, साधं काजळ आणि कांडीची लिपस्टिक एवढंच लावत असाल, तर वेगळा मेकअप रिमूव्हर घेऊ नका. सौम्य फेसवॉशनं दोनदा तोंड धुतलं की काम होतं. वॉटरप्रूफ काजळ, मस्कारा, ओठांवर सुकून बसणारी मॅट लिक्विड लिपस्टिक आणि पार्लरमध्ये लावलेला नवरीचा बेस यांची गोष्ट वेगळी. त्यांत मेण, सिलिकॉन आणि कातडीवर पातळ पापुद्रा धरणारे घटक असतात. पाणी त्यांना भिजवतच नाही, म्हणून कितीही घासलं तरी कातडी लाल होते, रंग जागेवरच राहतो.

तेलात मुरणारी गोष्ट तेलानंच निघते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं मराठी नाटक उभं केलं, त्या सांगलीला हे नव्यानं सांगायला नको. नाटकाचा तेलकट रंग उतरवायला आधी तेल आणि मगच साबण लागतो. हळदीचंही तसंच. तिचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. हळदीच्या दिवशी संध्याकाळी नवरीच्या मानेवर राहिलेला पिवळेपणा साबणापेक्षा थोड्या तेलानं चटकन उतरतो.

चूक दुसरी: फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त

पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. अंगाच्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो आणि चेहऱ्याच्या कातडीचा ५ च्या आसपास. साबणावर टीएफएम ७६ टक्के लिहिलेलं असलं, तरी त्यातून कळतं ते मेदाम्लांचं प्रमाण. साबण अल्कधर्मी तो अल्कधर्मीच राहतो. धुतल्यावर चेहरा कचकचीत वाटतो त्याला आपण स्वच्छ म्हणतो, पण ते कातडीचं स्वतःचं तेल निघून गेल्याचं लक्षण आहे. पाच मिनिटांत गाल ताणायला लागले, तर त्या वस्तूचा वापर चेहऱ्यासाठी थांबवा.

फेसवॉशच्या नावाखालीही कधीकधी साबणच विकला जातो. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच मायरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड आणि त्यांच्या सोबतीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, तर तो पातळ साबण समजा. यादी वाचायला अवघड जात असेल, तर घरातली हळद मदतीला येते, आणि हळदीची एवढी मोठी पेठ असलेल्या सांगलीत ती कमी पडायची नाही.

चिमूटभर हळद चमचाभर पातळ सॅनिटायझरमध्ये कालवा. त्यात पांढऱ्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या बुडवून वाळवा. एका पट्टीवर कपड्याच्या साबणाचा फेस लावा. ती लालसर तपकिरी होईल. हळदीला चुना लावून कुंकू होतं, तीच ही क्रिया. दुसऱ्या पट्टीवर आपला फेसवॉश पाण्यात किंचित फेसाळून लावा. ती लाल झाली तर फेसवॉश साबणासारखाच आहे. पिवळी राहिली तर निदान तेवढा अल्कधर्मी नाही. या कसोटीतून यापुढचं काही कळत नाही. पट्टीचा रंग पालटायला पीएच ८ च्या आसपास जावा लागतो, त्यामुळे ५.५ आणि ७ मधला फरक ती दाखवणार नाही. तरी दोन स्वस्त फेसवॉशमधला एक निवडायला ती पुरेशी आहे.

चूक तिसरी: खोबरेल चोळून तसंच झोपणं

खोबरेल मेकअप विरघळवतं, त्यात शंका नाही. अडचण पुढे येते. साध्या तेलात पाण्याशी मिसळणारा घटक नसतो, म्हणून पाणी ओतलं की ते चेहऱ्यावरून नुसतं घरंगळतं आणि विरघळलेला मेकअप तेलासकट छिद्रांपाशी राहतो. मुरुमांकडे कल असलेल्या कातडीला खोबरेल मानवतही नाही. दोन-तीन दिवसांनी कपाळावर, हनुवटीवर बारीक पुळ्या दिसल्या तर कारण बहुधा हेच. शिवाय २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात साताऱ्यात रात्री बाटली उलटी करून बसावं लागतं.

स्वस्तातला पर्याय हवा असेल तर बिनवासाचं किंवा मंद वासाचं बेबी ऑइल घ्या. ते बहुतेक वेळा खनिज तेल असतं, गोठत नाही आणि छिद्रंही सहसा बुजवत नाही. कोरड्या हातांनी, कोरड्या चेहऱ्यावर अर्धा ते एक चहाचा चमचा तेल घेऊन मिनिटभर हलकेच फिरवा. मग कोमट पाण्यात पिळलेल्या मलमलच्या तुकड्यानं टिपून घ्या आणि त्यानंतर हरभऱ्याएवढा फेसवॉश. मधलं टिपणं वगळलं की फेसवॉश तेलातच अडकतो, फेस येत नाही, आणि बाई आणखी फेसवॉश ओतते.

क्लीन्झिंग बाम किंवा क्लीन्झिंग ऑइल म्हणून मेकअप काढायला जे मिळतं, त्यात पाण्याशी जुळवणारा घटक आधीच घातलेला असतो. यादीत पीईजी किंवा पॉलिसॉर्बेट असं नाव सापडतं. तेही कोरड्या चेहऱ्यावरच लावायचं. ओल्या चेहऱ्यावर लावलं तर ते मेकअप धरायच्या आधीच पाण्याशी मिसळतं आणि वाया जातं. मिनिटभर फिरवल्यावर चार थेंब पाणी घ्या, दुधासारखं पांढरं होईपर्यंत पुन्हा फिरवा आणि मगच धुवा. धुतल्यावर चिकट थर उरला, तर पांढरं करण्याची पायरी घाईत उरकलेली असते.

चूक चौथी: मायसेलर वॉटर म्हणजे औषधी पाणी

मायसेलर वॉटर म्हणजे पॅडवर घेऊन मेकअप पुसायचा पाण्यासारखा द्रव. त्यात पाण्याबरोबर मळ काढणारे सौम्य घटक असतात. बाटलीवर धुवायची गरज नाही असं लिहिलेलं असलं, तरी धुवा. ते घटक रात्रभर कातडीवर राहिले तर काहींना चुरचुरतं. वॉटरप्रूफ मेकअपसाठी हलवून वापरायची, वर तेल आणि खाली पाणी असे दोन थर दिसणारी बाटली घ्या. साधी पारदर्शक बाटली तिथं हरते, आणि मग घासाघासी सुरू होते.

डोळ्यांच्या बाबतीत घाई सगळ्यात महागात पडते. लेन्स असतील तर आधी काढा. कापसाचा चपटा पॅड या द्रवात भिजवून मिटलेल्या पापणीवर २० ते ३० सेकंद नुसता ठेवा, दाबू नका. मग वरून खाली एकदाच ओढा. पापण्यांच्या मुळाशी राहिलेल्या काजळासाठी कापसाची काडी त्याच द्रवात बुडवा. औषधाच्या दुकानातला कापसाचा गुंडाळा स्वस्त पडतो, पण त्याचे तंतू डोळ्यात जातात. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचे चौकोन कापून, उकळून, उन्हात वाळवून ठेवा. लिंबू, दात घासायची पेस्ट, स्पिरिट यांतलं काहीही चेहऱ्यावर नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात.

चूक पाचवी: पाण्याचा विचारच न करणं

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा त्यातल्या कॅल्शियमशी पांढरा साका होतो आणि तो चेहऱ्यावरही बसतो. जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूला बोअरवर चालणाऱ्या घरांत हा अनुभव नेहमीचा. बादलीच्या कडेला पांढरे ओघळ दिसत असतील तर तुमचंही पाणी तसलंच. साबण नसलेल्या फेसवॉशचा साका होत नाही, फेस थोडा कमी येतो इतकंच. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

दुकानात उभं राहून करायचा हिशेब

सातारच्या मोती चौकात काय किंवा सांगलीच्या हरभट रोडवर काय, मायसेलर वॉटरची मोठी बाटली मिलीला स्वस्त पडते हे खरं. पण एका वेळी चार पॅड, दर पॅडला ३ मिली, म्हणजे १२ मिली लागतात. १२५ मिलीची बाटली दहा वेळा पुरते. महिन्यातून एकदा वापरलीत तर दहा महिने. डब्यावर उघड्या झाकणाच्या चित्रात ६एम किंवा १२एम असं छापलेलं असतं, ते उघडल्यानंतरचे महिने. म्हणून ४०० मिलीची सवलतीतली बाटली तुमच्यासाठी महागच. उघडल्याची तारीख मार्करनं तळाशी लिहून ठेवा. परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादी नसलेली वस्तू बाजारात कितीही स्वस्त मिळाली तरी डोळ्यांजवळ नेऊ नका.

नवी वस्तू लग्नाच्या आदल्या रात्री पहिल्यांदा वापरू नका. कानामागे थोडी लावून धुवा, सलग तीन दिवस. खाज किंवा लाली नाही, तर चेहऱ्याला चालेल. डोळा लाल राहिला, सूज आली किंवा दिसायला धूसर झालं, तर घरगुती उपाय करत न बसता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती बाटली सोबत न्या.