पीजीअ‍ॅडमिनमधून डेटाबेस, स्कीमा आणि टेबल: सेव्ह दाबण्याआधी

पीजीअ‍ॅडमिन ४ हे पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं काम खिडक्यांतून करायचं साधन. त्यात काहीही तयार करायचं म्हणजे डावीकडच्या यादीत योग्य नावावर राइट क्लिक करून ‘क्रिएट’. खरी नजर हवी ती प्रत्येक खिडकीतल्या शेवटच्या ‘एसक्यूएल’ टॅबवर. सर्व्हरकडे नेमका कोणता आदेश जाणार ते तिथे दिसतं. तो वाचल्याशिवाय सेव्ह करू नका.

सुरुवात ‘डेटाबेसेस’पासून. नाव आणि ओनर भरा, ‘डेफिनिशन’मध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८ ठेवा. कोलेशन (अक्षरांची क्रमवारी लावायचा नियम) बदलायचं असेल तर टेम्प्लेट, म्हणजे नवा डेटाबेस ज्याची नक्कल करून बनतो तो नमुना, म्हणून टेम्प्लेट० निवडा. टेम्प्लेट१ वेगळं कोलेशन नाकारतो. शिवाय टेम्प्लेट१ ला कोणी जोडलेलं असेल तर त्याची नक्कलच होत नाही.

मग स्वतःचा स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) करा. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १५ पासून, आधीच असलेल्या ‘पब्लिक’ स्कीमात साध्या युजरला टेबल करता येत नाही, ‘परमिशन डिनाइड’ येतं.

आता टेबल, आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावांत. खिडकीत कॅपिटल अक्षर टाकलंत की पीजीअ‍ॅडमिन नाव अवतरणचिन्हांत पाठवतं आणि ते तसंच साठतं. पुढे क्वेरीत अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस स्मॉल करून शोधतं. टेबल डोळ्यांसमोर असतं, तरी ‘रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट’! म्हणून नावं स्मॉल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. देवनागरी नावं चालतात, पण मर्यादा ६३ बाइट्सची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. मात्रा, अनुस्वार धरून २१ चिन्हं झाली की पुढचं कापलं जातं.

‘कॉलम्स’मध्ये रकमेसाठी न्यूमेरिक, लेंथ १०, स्केल २, म्हणजे दशांशाआधी आठ अंक. फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) पैसे ठेवू नका, पैशांचा हिशेब जुळत नाही. क्रमांकाच्या कॉलमसाठी पेन्सिलवर क्लिक करून ‘कन्स्ट्रेन्ट्स’मध्ये आयडेंटिटी (आपोआप वाढणारा क्रमांक) निवडा आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) चालू करा.

फॉरेन की (दुसऱ्या, मूळ टेबलातल्या ओळीशी जोडणारा कॉलम) दिली म्हणून पोस्टग्रेस त्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) करत नाही. खिडकीतला ‘ऑटो एफके इंडेक्स’ चालू आहे ना, ते बघा. नाहीतर मूळ टेबलातली एक ओळ काढायलाही फॉरेन की असलेलं संपूर्ण टेबल चाळलं जातं.

भरलेल्या, वापरातल्या टेबलावर नंतर इंडेक्स करताना ‘कॉन्करंट बिल्ड’ चालू ठेवा, म्हणजे नोंदी अडत नाहीत. मात्र तो मध्येच फसला तर निकामी इंडेक्स मागे राहतो. तो आधी ड्रॉप करा, मग पुन्हा करा.

क्वेरी टूलमधून केलेलं टेबल यादीत दिसत नसेल तर आधी ‘रिफ्रेश’ करा.