युनिट टेस्ट काठावर लिहा

जळगाव-धुळ्याकडची मुलं बीसीए, एमसीए करून नोकरीला लागली की पहिला प्रश्न असतो, "पायटेस्ट शिकू की जेयुनिट?" दोन्ही युनिट टेस्टची टूल्स; युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एकेक छोटा भाग बरोबर चालतो का हे तपासणारा कोड. यातलं कोणतंही टूल लवकर हाताला बसतं. अवघड असतं ते नेमकं काय तपासायचं हे सुचणं.

मी जिनिंगच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून उदाहरण कापसाचंच घेतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो. पुढे टक्क्यामागे एक टक्का भाव उतरतो आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होते. १० टक्के ओलाव्याला ७,९४७.८० बसतात.

नवखा मुलगा ५, १० आणि १५ टक्क्यांच्या टेस्ट लिहितो. तिन्ही हिरव्या, म्हणजे पास; कव्हरेजही, म्हणजे टेस्टमध्ये चालून गेलेला कोडही, शंभर टक्के. आता कोडमधली 'बारा किंवा कमी' ही अट मुद्दाम 'बारापेक्षा कमी' करून बघा. टेस्ट हिरव्याच राहतात! आणि तिकडे भाड्याची गाडी करून बरोबर १२ टक्क्यांचा कापूस आणलेला शेतकरी गेटवरून परत जाईल. नियम जिथे बदलतो तिथेच टेस्ट हवी: ८, ८.१, १२, १२.१. टेस्ट लिहून झाली की कोड असा एकदा मोडून बघाच. लाल, म्हणजे फेल, झाली नाही, तर ती टेस्ट काही राखत नाही.

अपेक्षित उत्तर टेस्टमध्ये सूत्राने काढू नका. कोडमधलंच सूत्र तिथे उतरवलं तर दोन्हीकडे एकच चूक होते. कागदावर हिशोब करा, मुनीमजींना दाखवा आणि ७,९४७.८० हा आकडाच लिहा. पैशांसाठी फ्लोट नको, त्यात दशांश अंदाजे साठतात; नेमके साठवणारा डेसिमल वापरा, राउंडिंगचा नियमही स्वतः ठरवून द्या. पायथनचं राउंड २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४, मुनीमजी २.५ चे ३ धरतात.

कापसाचा हंगाम १ ऑक्टोबरला बदलतो, त्याबरोबर हमीभावही. फंक्शन आतल्या आत आजची तारीख घेत असेल तर सप्टेंबरात पास झालेली टेस्ट ऑक्टोबरात फेल होईल. तारीख बाहेरून द्या. वजनकाटा आणि डेटाबेसही हिशोबाच्या फंक्शनपासून लांब ठेवा, म्हणजे मॉक, म्हणजे टेस्टपुरते त्यांचे खोटे बदली भाग, फारसे लागत नाहीत.

बग आला की आधी तो पकडणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती करा. टेस्टचं नाव असं द्या की फेल झाल्यावर कोड न उघडता कळावं: 'ओलावा १२.१ असेल तर कापूस नाकारावा'.

सरावाला एसटीचं भाडं घ्या. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. ६५ वर्षांच्या आजी दोन्ही सवलतींत बसतात. त्यांचं भाडं पाव तर होत नाही ना, ही पहिली टेस्ट लिहा.