लेझरची तारीख घेण्याआधी

“लेझर करून चष्मा घालवायचाय, तारीख कधीची मिळेल?” तपासणीच्या खुर्चीत बसता बसताच लोक विचारतात. मी आधी विचारते, “लेन्स शेवटची कधी घातली होती?” कालपर्यंत, असं उत्तर आलं की त्या दिवशीची मापं रद्द. सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद हवी, कारण लेन्सखाली कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेसारख्या थराचा, आकार किंचित बदललेला असतो. तेव्हा पहिलं काम हेच : जुना चष्मा शोधून घालायला लागा. नंबराचे जुने कागद सापडतील तेवढे आणा. वर्षभरात चष्मा अर्ध्या नंबराहून जास्त हलला असेल तर थांबावं लागतं.

लेझरनंतरचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे एक्टेशिया, कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगत जाणं. तो टाळायची खरी संधी आधीच असते. म्हणून टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा रंगीत नकाशा) आणि जाडीचा रिपोर्ट हातात मागून घ्या आणि डॉक्टरांसमोर बसून हिशेब करा. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलतात, तो साधारण ११० मायक्रॉनचा, आणि दर एका नंबरामागे लेझर अंदाजे १५ मायक्रॉन काढतो. उणे ६ नंबर असेल तर ९० गेले. एवढं वजा जाऊन खाली निदान २५० उरायला हवेत. बरेच सर्जन ३०० उरल्याशिवाय हात लावत नाहीत. तुमची जाडी ४८० असेल तर उरतात २८०. असा आकडा आला तर घाई न करता दुसरा उपाय विचारा.

निफाडकडचा एक मुलगा आला होता, पोलीस भरतीची तयारी करणारा. फॉर्म भरताना तो बोटांच्या पेरांनी डावा डोळा चोळत होता, पाच-सहा वेळा तरी. घरची द्राक्षबाग, गंधकाची धुरळणी, लहानपणापासूनची ॲलर्जी. टोपोग्राफीच्या नकाशावर त्याच डोळ्याचा खालचा भाग हिरव्यातून केशरी झालेला दिसला. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, सुरुवात. डॉक्टरांनी लेझरला नकार दिला. वडील गप्प बसले होते, मुलाचे डोळे भरून आले. मलाही त्या दिवशी डबा गेला नाही. पण तो नकार बरोबर होता. डोळे चोळायची सवय, घरात कुणाला केराटोकोनस, हे कुणी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, संधिवात, मधुमेह, पूर्वी डोळ्यात झालेली नागीण, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, हेही.

कोरडेपणा मात्र खूप जणांना होतो, कारण लेझर करताना कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षात कमी होतो, काहींचा राहतो. आधीच डोळे खुपत असतील, दिवसभर एसीत स्क्रीनसमोर काम असेल, तर शिर्मर तपासणी करून घ्या : खालच्या पापणीत कागदाची पट्टी, पाच मिनिटं. पट्टी १० मिलिमीटरही भिजली नाही तर आधी कोरडेपणावर उपचार. आणि रात्री कसारा घाट उतरून मुंबईला गाडी नेणाऱ्यांनी दिव्यांभोवतीच्या वलयांबद्दल खोदून विचारावं. ती बऱ्याचदा काही महिन्यांत विरतात, पण तुमची रोजीरोटी स्टिअरिंगवर असेल तर “बऱ्याचदा” पुरेसं नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी टाळू नका. नंबर गेला तरी मोठ्या नंबराचा पडदा तोच राहतो, त्यातली छिद्रं आधी बघावी लागतात. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्या दिवशी दुचाकी घरी ठेवा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल, हेही समजून या.

तारीख पंचांग पाहून नाही, पण नाशिकचं कॅलेंडर पाहून जरूर घ्या. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायचीच असेल तर लेझर त्यानंतर. २०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर डुबकी घ्यायची असेल तर मध्ये पुरेसे आठवडे मोकळे ठेवा. नदीचं, तलावाचं पाणी ताज्या जखमेत जंतू नेतं. बागेत फवारणी चालू असतानाही नको. कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी फ्लॅप नसलेली लेझरची पद्धत, पीआरके, विचारावी, कारण मार लागून फ्लॅप काही वर्षांनीही सरकू शकतो. पीआरकेत तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात, तेवढी रजा काढा.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ उरकून घ्या. काजळ, अत्तर, परफ्यूम काही नको. सोबत माणूस हवाच. रात्री डोळ्यावर लावायचं कवच सांगितलं तितके दिवस लावा. नंतर दुखणं वाढलं किंवा नजर धूसर होत गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका.

आणि लेझरआधीच्या मापांची झेरॉक्स जन्मदाखल्याच्या फायलीत लावा. वीस-पंचवीस वर्षांनी मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर ठरवताना डॉक्टर तीच मागतील.